एका नांवाच्या दोन नोंदी : संगणकांतील दप्तरांतून एक नाहींशी कां होते ?

हल्लीं पुष्कळ सहकारी संस्थांचें वसुलीचें दप्तर संगणकावर ठेविलें जातें. अशा दप्तरास डेटाबेस म्हणतात. त्यांतून एखाद्या सभासदाचा भरणा नाहींसा झाला, म्हणजे कोणी यंत्रास दोष देतात, कोणी चिटणिसावर संशय घेतात. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. पुष्कळदां कारण एवढेंच असतें कीं, दोन निराळ्या नोंदींस एकच ओळखखूण मिळालेली असते.

कागदी वहींत एकाच नांवाचीं दोन खातीं दोन पानांवर सुखानें नांदतात. लिहिणारा माणसें ओळखतो. डेटाबेसांत मात्र ठरविलेली मुख्य खूण दोन नोंदींस असूं शकत नाहीं. समजा, वसुलीच्या दप्तरांत सभासदाचें नांव व हंगाम हीच खूण धरली आहे, आणि गणपत रामजी पाटील या नांवाच्या दोघां सभासदांनीं आपापले हप्ते भरले. दुसऱ्याचा भरणा लिहितांना ती खूण आधींच अडलेली असते. एस्क्यूलाइट व मायएस्क्यूएल या प्रचारांतील डेटाबेसांत साधी ‘इन्सर्ट’ आज्ञा अशा वेळीं हरकत घेऊन थांबते; परंतु ‘रिप्लेस’ ही आज्ञा योजिली असल्यास जुनी नोंद काढून तिच्या जागीं नवी ठेविली जाते. पहिले गणपतराव पावती हातांत असून थकबाकीदार ठरतात, आणि पुढील पीककर्ज अडतें.

याचें निदान पुढील क्रमानें करावें.

(१) प्रथम नव्या नोंदी थांबवाव्या व दप्तराची एक प्रत काढून वेगळी ठेवावी.

(२) पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती मोजून दप्तरांतील नोंदींशीं ताडून पाहाव्या. पावत्या ३१२ व नोंदी ३०९ निघाल्या, तर कोणत्या ३ गेल्या त्यांची यादी करावी.

(३) गेलेल्या प्रत्येक नोंदीस त्याच नांवाची, मागाहून लिहिलेली दुसरी नोंद आहे काय तें पाहावें. दर वेळीं आधींची गेली व नंतरची राहिली असेल, तर संशय पक्का होतो. गेलेल्या सर्व नोंदी एकाच दिवसाच्या असल्या, तर कारण बहुधा निराळें. त्या चढविल्याच नसतील.

(४) काढलेल्या प्रतीवर, मूळ दप्तरावर नव्हे, एकाच नांवानें व एकाच हंगामाचे दोन निराळ्या रकमांचे भरणे लिहून पाहावे. संख्या दोनानें न वाढतां एकानेंच वाढली, कीं पुरावा मिळाला.

नांवें इंग्रजींत लिहिलीं असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मायएस्क्यूएलच्या नेहमींच्या मांडणींत लहान व मोठीं अक्षरें एकच मानलीं जातात. म्हणून डोळ्यांस निराळीं दिसणारीं नांवेंही यंत्रास एक वाटूं शकतात.

उपाय आपल्या महसुली दप्तरास जुनाच ठाऊक आहे. एका नांवाचीं दोन गांवें खुर्द व बुद्रुक म्हणून ओळखिलीं गेलीं. १८३६ सालीं इंदापुरास गोल्डस्मिड व विंगेट यांच्या जमाबंदीपासून जी पद्धत रूढ झाली, तींत प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळूं लागला. परंतु नुसता नंबरही पुरत नाहीं. १९४७ च्या कायद्याखालीं एकत्रीकरण झालेल्या गांवांत गट नंबर पडले, तेव्हां जुना सर्व्हे नंबर ४५ व नवा गट नंबर ४५ या दोन निरनिराळ्या जमिनी असूं शकतात. म्हणून जमिनीच्या नोंदींत गांव, नंबराचा प्रकार व हिस्सा हीं सर्व घ्यावीं. सभासदास कधींही न बदलणारा क्रमांक द्यावा. आणि प्रत्येक भरण्याची खूण पावतीपुस्तक व पावतीचा क्रमांक हीच धरावी. ‘रिप्लेस’ काढून हरकत घेणारी आज्ञा ठेवावी.

गेलेल्या नोंदी परत चढविण्यापूर्वीं ही खूण बदलणें अवश्य आहे. तसें न करतां पहिल्या गणपतरावांचा भरणा चढविला, तर या खेपेस दुसऱ्यांचा जाईल. नोंदी स्थळप्रतींवरून किंवा जुन्या प्रतीवरून भराव्या, आठवणीवरून नव्हे.

सभासदांनीं पावती जपून ठेवावी, व ३१ मार्चपूर्वीं आपल्या खात्याचा उतारा मागून ती त्याशीं ताडून पाहावी. गांवांत आपल्या नांवाचा दुसरा खातेदार असेल, त्यानें तर हें चुकवूंच नये.