पोटात राहिलेली नळी

निरोगी माणसाची मुख्य पित्तनलिका जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असते. यकृतात रोज तयार होणारं अर्धा ते एक लिटर पित्त याच वाटेने लहान आतड्यात उतरतं. या वाटेत खडा अडकतो, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण टाक्याचा दोरा, धातूची क्लिप, जंत, किंवा डॉक्टरांनीच उपचार म्हणून घातलेली नळीसुद्धा तिथे अडसर होऊन बसते, हे सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला स्वतःच्या आजारपणातून कळलं. गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतं. इथेही तेवढंच पुरे.

बाईंच्या पित्ताशयातला एक खडा घसरून नलिकेत अडकला होता. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात त्यांची ईआरसीपी झाली. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नलिकेच्या मुखाशी छोटा छेद घेतला, खडा काढला आणि पित्त वाहतं राहावं म्हणून प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवला. त्यानंतर दुसऱ्या सर्जननी पित्ताशय काढलं. बाईंच्या लेखी विषय संपला. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी मात्र इंग्रजीत एक ओळ होती, की सहा आठवड्यांनी स्टेंट काढायचा. ईआरसीपी करणाऱ्यांनी गृहीत धरलं की सर्जन सांगतील. सर्जननी गृहीत धरलं की तिकडे सांगून झालं असेल. आणि घरच्यांना स्टेंट म्हटलं की हृदयातलाच आठवायचा. तो तर जन्मभरासाठी असतो!

पित्तनलिकेतल्या प्लॅस्टिकच्या स्टेंटचं तसं नसतं. जर्मनीत हॅम्बुर्ग इथे निब सोहेंद्रा यांनी १९८० च्या सुमारास दुर्बिणीतून असे स्टेंट बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांचा मोठा दोष ठाऊक आहे. ते बुजतात. नेहमी वापरला जाणारा १० फ्रेंच मापाचा स्टेंट बाहेरून सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. आतली पोकळी त्याहून कमी. तिच्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर धरतो, त्यावर पित्तातला गाळ बसतो. म्हणून साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो. तसाच राहिला तर त्याच्याभोवती खडा वाढतो. कधी तो जागचा सरकून आतड्यात उतरतो, कधी उलटा वर नलिकेतच शिरतो. गंमत अशी की बुजल्यानंतरही बाजूच्या फटीतून थोडंथोडं पित्त झिरपत राहतं, त्यामुळे काही रुग्णांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. बाई त्यांतल्याच.

सुरुवात खाजेपासून झाली. तळहात, तळपाय, रात्री जास्त. मग लघवी कोऱ्या चहासारखी, शौचाचा रंग फिकट, मातकट. डोळे पिवळे दिसल्यावर शेजारणीच्या सांगण्यावरून बाई कावीळ उतरवणाऱ्याकडे गेल्या. त्याने हाताला कसल्याशा सालीचा रस चोळला, चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळंधम्मक झालं. हा रंग सालीचा आणि चुन्याचा. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य कातडीतून असं धुऊन निघत नाही. पण या मंडळींचं नाव चालतं, त्याला कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते आणि श्रेय उपचाराला मिळतं. अडथळ्याची कावीळ अशी थांबून राहत नाही. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि तिथून ते रक्तात जातात.

बाईंना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायला लागला, तेव्हा आधी मलेरियाची तपासणी झाली. उजव्या बरगडीखाली दुखणं, थंडी वाजून ताप आणि कावीळ या तिन्हींची सांगड फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्येच घालून ठेवली आहे. ही तिन्ही एकत्र दिसली तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याचा संशय घ्यायचा असतो. त्यात रक्तदाब उतरला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

सुदैवाने तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल नीट वाचला. बिलिरुबिन सर्वसाधारणपणे एक मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तीनच्या घरात गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. बाईंचं त्याच्या कितीतरी वर होतं, त्यातही ‘डायरेक्ट’ भाग जास्त आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. हा नमुना नलिका तुंबल्याचा. सोनोग्राफीत नलिका फुगलेली होती आणि तिच्यात दोन समांतर चकचकीत रेषा दिसल्या. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी विचारलं, आत काही बसवलंय का? बाई नाही म्हणाल्या. कपाटातली जुनी फाईल सुनेने शोधून आणली, तेव्हा ती तळाची ओळ प्रथमच कोणीतरी वाचली.

निदान खरं म्हणजे या फाईलनेच केलं. एमआरसीपी या एमआरआयच्या तपासणीत नलिकेचा नकाशा उत्तम उमटतो, पण आतली काळी सावली खड्याची की आणखी कशाची, हे दर वेळी कळत नाही. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक स्टेंट आणि क्लिपा स्पष्ट दिसतात. मात्र एक्स-रे काढून पाहावा हे सुचायला, आत काही असू शकतं ही शंका आधी यावी लागते.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी सलाइन आणि अँटिबायोटिक, मग पित्ताला वाट. पित्त आतड्यात पोचलं नाही की ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून बाईंना त्याची इंजेक्शनं दिली. नंतर पुन्हा ईआरसीपी. साधा स्टेंट चिमट्याने किंवा फासाने धरून सहज ओढून निघतो. वर्षानुवर्षं राहिलेला ठिसूळ होतो, ओढताना तुटू शकतो, आणि त्याच्या वरच्या टोकाला खडा असेल तर खालून निघतच नाही. बाईंचं तसंच झालं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी ओढाताण न करता शेजारून नवा स्टेंट सरकवून पित्त वाहतं केलं. ताप उतरल्यावर दुसऱ्या खेपेला खडा फोडला, बास्केटने तुकडे काढले, जुनी नळी काढली आणि मग नवीही. असं करूनही जमलं नाही तर पोट उघडावं लागतं. ईआरसीपीनंतर शंभरातल्या काही जणांना स्वादुपिंडाची सूज येते, हा धोका सही करण्यापूर्वी विचारून घ्यावा.

असे पाहुणे आणखीही असतात. डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्यानंतर ही शस्त्रक्रिया आपल्याकडे सर्रास झाली. त्यात पित्ताशयाची नळी बंद करायला बहुधा टायटॅनियमच्या क्लिपा लावतात. क्वचित एखादी क्लिप सरकत मुख्य नलिकेत शिरते आणि तिच्याभोवती खडा धरतो. शस्त्रक्रियेला कित्येक वर्षं उलटल्यावरही असं घडल्याच्या नोंदी आहेत. पूर्वी रेशमी दोऱ्याभोवती असेच खडे धरत, म्हणून तिथे विरघळणारा दोरा वापरू लागले. पित्ताशय काढलेल्यांनी हे वाचून धास्तावू नये. क्लिप सरकणं अगदी विरळा आहे, जागेवरची क्लिप काढायची नसते. कावीळ झाली तर मात्र ‘माझं पित्ताशय काढलंय, आता खडा कुठून येणार’ असं म्हणू नये.

जंतांचं प्रमाण काश्मीरमध्ये मोठं होतं. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जंतांमुळे यकृत, पित्तमार्ग आणि स्वादुपिंडाचे विकार झालेल्या ५०० रुग्णांचा अभ्यास मांडला. वीतभर लांबीचा गोल जंत आतड्यातून वर चढून नलिकेत घुसतो. बहुतेकदा तो स्वतःच परत फिरतो. आत मेला तर त्याचाच खडा होतो. तिथे नलिकेचं मुख कापून मोठं करणं डॉक्टर शक्यतो टाळतात, कारण मोठ्या दारातून पुढचा जंत सहज शिरतो. शाळेत मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी घरी आणून कोनाड्यात ठेवू नये, हे सांगायला बाईंना आता नवं कारण मिळालं आहे.

गावात कोणी दवाखान्यातून घरी आलं की बाई आधी कार्ड मागतात. आत काही ठेवलंय का, कुठे, कधी काढायचं आणि कोण काढणार, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या म्हणतात. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर आणि मुलाच्या मोबाइलमध्ये, दोन्हीकडे. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांकडे हवा. काही रुग्णालयं स्टेंट बसवलेल्यांची यादी ठेवून फोन करतात. करत नसतील तर आपण करायचा. त्रास नाही म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही, हे त्या जरा दरडावूनच सांगतात.

नळी निघाल्यावर बाईंची खाज आधी गेली. डोळ्यांचा पिवळेपणा मागे रेंगाळला. पुष्कळ दिवस तुंबलेली कावीळ उतरायला काही आठवडे लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. उतरणारं बिलिरुबिन पुन्हा चढलं किंवा हुडहुडी परतली, तर त्याच दिवशी फाईल घेऊन निघायचं.