पाण्यातला उजेड

जुन्नरहून नाणेघाट उतरला की कोकण लागते. सुमारे २,००० वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी व्यापारी याच वाटेने बंदरांकडे जात. कोकणातून मीठ वर आले, तशा भुतांच्या गोष्टीही आल्या.

त्यातला एक गिऱ्हा. तो म्हणे पाण्याजवळ राहतो. वाटसरूला भुलवून खोल पाण्यात नेतो. रात्री समुद्रात निळा उजेड दिसला की लोक म्हणत, "भुतं नाचतात!"

हा उजेड खरा आहे. पण तो भुतांचा नव्हे. समुद्रात अगदी बारीक जीव असतात. लाट फुटली, वल्हे लागले की ते चमकतात. पावसाच्या तोंडावर भीमाशंकरच्या रानात काजवे चमकतात ना? तसेच हे. काजव्याला आपण भितो का?

गिऱ्ह्याची गोष्ट मुलांना जरूर सांगू. रात्री खोल पाण्यात जाऊ नये, एवढे शहाणपण तीत आहे. पण तापात कोणी बडबडू लागला, तर "लागिर झालं" म्हणून बसू नये. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. भूत काढतो म्हणून माणसाला मारणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे.

सांगा पाहू : समुद्र रात्री कशाने चमकतो?