बुशला तेल? अजिबात नको गं!

जुनी गाडी घेतलीस, स्पीडब्रेकर आला की पुढच्या चाकापाशी कुरकुर होते, आणि सोसायटीतला जो तो सांगतोय, "थोडं ऑइल मारा, जाईल." बघ, तेवढं एक करू नकोस. बाकीचं निवांत बघू.

आधी घाबरणं बंद कर. कुरकुर झाली म्हणजे चाक निखळत नाही. मी तर पूर्वी असा आवाज आला की रेडिओ मोठा करायचे. त्या मानाने तू फारच शहाणी.

चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी लोअर आर्म असतो ना, त्याच्या गाडीकडच्या टोकाला रबरी बुश असतो. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, आणि मधलं रबर बहुतेक गाड्यांत दोन्हींना पक्कं चिकटवलेलं. आर्म वरखाली होतो तेव्हा तिथे काही घासत नाही. रबरच पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. मग वंगण हवंय कुणाला? उलट इंजिन ऑइल, साधं ग्रीस, डिझेल त्या रबरात मुरतं. रबर फुगतं, लिबलिबीत होतं आणि लोखंडापासून सुटायला लागतं. बिजागऱ्यांवर मारायचा नेहमीचा स्प्रेही पेट्रोलियमचाच, तोही नको. खरं सांगू का, त्याने चार दिवस आवाज बंद होतो, तिथेच लोक फसतात.

एक अपवाद आहे. गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार असतो. तो बऱ्याच गाड्यांत रबरी बुशच्या आत थोडा फिरतो. तिथे धूळ शिरली की कुरकुर ठरलेली. मेकॅनिककडून त्या बुशचा ब्रॅकेट उघडून घे, बार आणि बुश पुसून घे, आणि आत हलक्या हाताने सिलिकॉन ग्रीस लावायला सांग. सिलिकॉनच हं, रबराला ते चालतं. कुणी तुला पॉलियुरेथेनचे बुश बसवून दिले असतील, तर त्यांना मात्र बसवतानाच ग्रीस लागतं, नाहीतर तेच कुरकुरतात.

आवाज नक्की कुठला, हे घरीच कळेल. इस्त्रीची पाण्याची बाटली घे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेव म्हणजे चाकामागे बघायला जागा होते. कुणाला तरी बॉनेटच्या कोपऱ्यावर दाबून गाडी हलवायला सांग आणि तू एकेका बुशवर पाणी फवार. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबतो, तो आपला चोर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोकं घालायचं नाही, ते माझ्याकडून पक्कं ऐक.

हातात टॉर्च आहेच तर रबरही बघून घे. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्याने झोप उडवू नकोस. भेग खोल गेली असेल, रबर कड्यापासून सुटलं असेल, तर बुश संपला. कुकरची रिंग कडक झाली की आपण तेल चोळत बसतो का? बदलतोच ना. आणि खड्ड्यात 'टक टक', ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढली जाणं किंवा टायरची आतली कड जास्त झिजणं, यातलं काही दिसलं तर सणवार, पाहुणे काही असो, याच आठवड्यात गॅरेज गाठ.

तिथे कदाचित अख्खा आर्म बदलायला सांगतील. आधी विचार, "नुसता बुश मिळतो का? प्रेसवर बसवून द्याल का?" पुष्कळ गाड्यांचा मिळतो, आणि खर्च बराच वाचतो. डावा-उजवा जोडीनेच बदल. आणि एक गोष्ट लाजायचं सोडून सांगायची: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. मेकॅनिक "मॅडम, काही फरक पडत नाही" म्हणेल. पडतो. मग अलाइनमेंट करून घे, ती टाळू नकोस.

रोजची निगा म्हणशील तर फार काही नाही. खालचा चिखल साध्या पाण्याने धुवायचा, आणि सर्व्हिसला गाडी वर चढली की बुश दाखवा म्हणायचं.

आता पावसाळा तोंडावर आहे. "गंज धरायला नको, खालून ऑइल स्प्रे मारू का?" असं विचारतील, नाहीतर डिझेल वॉश सुचवतील. त्यात सगळे बुश न्हाऊन निघतात. गंजाची भीती असेल तर अंडरबॉडी कोटिंग कर, तेही बुश झाकून. आणि जॉब कार्डवर 'ऑइल स्प्रे नको' असं स्वतःच्या हाताने लिही गं. काउंटरवर तोंडी सांगितलेलं धुणाऱ्या पोरापर्यंत पोचत नाही.