आईची बोरमाळ आणि आर्किमिडीज

आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सगळ्यांनीच पाठ केलेला आहे. मला तो खरा समजला तो सेकंड इयरची फी भरताना.

पैसे कमी पडत होते म्हणून आईनं तिची बोरमाळ गहाण ठेवायला काढली. तालुक्याच्या एका पेढीवर गेलो. दुकानदारानं दोरा सोडून मणी तोलले. भरले २४ ग्रॅम. म्हणाला, "आत लाख आहे. आठ ग्रॅम वजा, सोनं सोळा ग्रॅम धरू." बोरमाळेचा मणी पोकळ असतो, पत्रा चेपू नये म्हणून आत लाख भरतात, हे खरं. पण आठच ग्रॅम का? याला उत्तर नव्हतं. आई म्हणाली, "राहू दे रे, देतायत ते घे." मी मणी परत घेतले.

फिजिक्सच्या सरांना विचारून लॅबमध्ये तेच मणी पाण्यात बुडवून तोलले. वजन आलं १९ ग्रॅम. घट ५ ग्रॅम, म्हणजे आकारमान ५ घनसेंटीमीटर. एक मणी फुटका होता. त्यातल्या लाखेची घनता मोजली, ती १.५ आली. २२ कॅरेट सोन्याची साधारण १७.७ धरली. सोनं 'क्ष' ग्रॅम मानलं, तर:

क्ष/१७.७ + (२४ − क्ष)/१.५ = ५

क्ष आला १८! आणि आत कुठे हवा राहिली असेल, तर सोनं याहून थोडं जास्तच निघेल.

दुसऱ्या पेढीवर हा कागद दाखवला. त्यांनी कसोटीवर कस घेतला, ॲसिड लावून पाहिलं आणि २२ कॅरेटचे १८ ग्रॅम मान्य केले. यातून शिकलो ते असं:

१) किंमत शुद्ध सोन्याची होते. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग, म्हणून हॉलमार्कवर ९१६ असतं. १८ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं साडेसोळाच.

२) खडे आणि घडणावळ यांचे पैसे धरत नाहीत.

३) जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजारातला १० चा. आजी "दोन तोळे" म्हणाली तर कुठले ते विचारा.

४) गहाणातला दागिना विकत घेताना नुसत्या घनतेवर जाऊ नका. शुद्ध सोन्याची १९.३, तर टंगस्टनची १९.२५! कस लावून घ्या. नव्या हॉलमार्कवर सहा अक्षरी एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासा.

५) "शेकडा दोन" ऐकायला कमी वाटतं, पण ते दरमहा असतं. पन्नास हजारांवर वर्षाला बारा हजार व्याज. पावतीवर निव्वळ वजन, कॅरेट, व्याज आणि मुदत लिहून घ्याच.

फी वेळेवर भरली गेली. बोरमाळ अजून पेढीवरच आहे. प्लेसमेंट झाली की पहिलं काम तेच!