स्वस्त देश कोणता? सातवीच्या वर्गातला एक पाठ



वर्गात चलनाचा भाग चालू होता. एका मुलीनं विचारलं, “सर, मह्या दादाचं काम लॅपटॉपवरच असतंय. पुण्यात खोलीचं भाडं परवडंना. त्यानं नेपाळात राहून काम केलं तर?” वर्ग हसला. मला मात्र प्रश्न फार मोलाचा वाटला. त्यावरच दोन तासिका घेतल्या. तुम्हालाही घेता येतील.

पायरी १ : पैसा
१९९३ पासून आपल्या १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये असा दर ठरलेला आहे. मुलांना वाटलं, सीमा ओलांडली की माणूस श्रीमंत! मग गणित दिलं. समजा, काठमांडूत खोलीचं भाडं १२,००० नेपाळी रुपये आहे, तर आपले किती? १२,००० ÷ १.६ = ७,५००. म्हणजे आकडा मोठा दिसला म्हणून वस्तू स्वस्त होत नाही. दोन्हीकडचे भाव एकाच चलनात आणूनच तुलना करायची.

दुसरं उदाहरण शांत भूतानचं. तिथलं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं. पण सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं. ३० रात्रींचे झाले ३६,०००, खोली आणि जेवण वेगळंच. “मग पुणं बरं!” असं मागच्या बाकावरून उत्तर आलं.

पायरी २ : वेळ
भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून, तर नेपाळची ८६°१५′ वरून. फरक ३°४५′. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून १५ मिनिटं. पुण्यात दहा वाजता काम सुरू झालं, तर काठमांडूत सव्वादहा आणि भूतानात साडेदहा वाजलेले असतात. शेजारी राहण्याचा हा फायदा. अमेरिकेत राहून पुण्याचं काम करायचं म्हटलं तर रात्र जागावी लागेल.

पायरी ३ : कागदपत्रं
नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. पण व्हिसा नको म्हणजे सगळे नियम संपले असं नाही. वर्षातून किती दिवस कुठं राहिलो, यावर आयकराचा हिशोब बदलू शकतो. दवाखाना, विमा आणि अडीअडचणीला घरी येण्याचं भाडं हेही खर्चाच्या वहीत लिहायचं. एजंटच्या तोंडी शब्दावर पोराला परदेशी पाठवू नका, हे पालकांना कळकळीचं सांगणं.

पायरी ४ : स्वस्त कुणासाठी?
हा पाठाचा गाभा. नेपाळ आपल्याला स्वस्त वाटतो, कारण पगार पुण्याचा असतो. तिथल्या लाखो तरुणांना मात्र पोट भरायला आखाती देशांत, मलेशियात जावं लागतं. मी एवढंच विचारलं, “दिवाळीनंतर आपल्या गावातून कोण जातं?” वर्ग गप्प झाला. काहींचे आईवडील ऊसतोडीला जातात. लॅपटॉपवाल्याला आपलं काम सोबत नेता येतं. कोयतेवाल्याला काम असेल तिथं लेकरांसह जावं लागतं आणि शाळा मागं राहते. हा फरक मुलांना समजावून सांगावा लागला नाही.

शेवटी पुणे आणि काठमांडू असा दोन रकान्यांचा तक्ता करायला दिला. त्याच मुलीनं तिसरा रकाना आखला, आपल्या गावाचा. भाडं शून्य, जेवण घरचं, व्हिसा नाही. ‘लाईट’ या ओळीत तिनं लिहिलं, “जाते.” नेटसमोर लिहिलं, “माळवदावर येते.”

पालकहो, हा तक्ता आज रात्री मुलांसोबत भरा. आकडे तुमच्या घरचे घ्या. पोरगं बाहेर जाईल की गावात राहील, हे त्याचं त्यानं ठरवावं. पण हिशोब मांडून ठरवावं. तेवढं शिकवणं आपल्या हातात आहे.