लॅपटॉप पेटीत ठेवू नका, आधी प्लग तपासा



गेल्या महिन्यात कळंबमधल्या एका घरी आजींचा रक्तदाब तपासायला गेले होते. नात बी.कॉम.ला आहे. आईने बचत गटाचे कर्ज काढून तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला, पण तो आता पेटीत कुलूपबंद. कारण विचारले तर आई म्हणाली, “सिस्टर, त्याच्यातून किरणं निघतेत म्हणे. पोरगी मांडीवर घेऊन बसते. उद्या लेकरू नाही झालं तं?”

ही भीती अनेक घरांत आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

किरणे म्हणजे नेमके काय?

एक्स-रे काढताना आम्ही शिशाचा एप्रन घालतो. एक्स-रेमध्ये पेशीतले रेणू तोडण्याइतकी ताकद असते. लॅपटॉपच्या वाय-फायच्या लहरींत ती नसते. त्यांची ताकद साध्या उजेडापेक्षाही लाखपटीने कमी असते. त्याशिवाय विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूभोवती चुंबकीय क्षेत्र असते, पंख्याभोवती आणि मिक्सरभोवतीही. लॅपटॉपच्या बाबतीत ते अडॅप्टरजवळ जास्त असते आणि हातभर अंतरावर अगदी कमी होते.

१९९१ मध्ये अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यापुढे काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हाचे पडदे तर जुन्या टीव्हीसारखे, जाडजूड काचेचे होते.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइल, वाय-फायच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा तोकडा आहे, शंका पूर्ण मिटलेली नाही. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. तरी अंतर ठेवायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवला की झाले. ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर मात्र घेऊ नका, ते पैसे पाण्यात जातात.

खरा त्रास उष्णतेचा

२००५ मध्ये अमेरिकेत २९ तरुणांच्या मांडीवर तासभर लॅपटॉप ठेवून पाहिले. अंडकोषाचे तापमान अडीच अंशांहून जास्त वाढले. नुसते मांड्या जुळवून बसल्यानेही ते सुमारे दोन अंश वाढले होते. शुक्राणू तयार होण्यासाठी तो भाग थंड राहावा लागतो. म्हणजे काळजी घ्यायची ती मुलांनीही. रोज तासन्‌तास मांडीवर ठेवल्यास कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या घरात तर यंत्र आणखी तापते. गोधडीवर ठेवले की त्याची हवा जाण्याची भोके बुजतात.

खरा धोका प्लगमध्ये

त्या दिवशी आईने पेटी उघडली. लॅपटॉप चार्जिंगला लावून मी त्याच्या धातूच्या कडेला हात लावला, तर झिणझिण्या आल्या. चार्जर तीन पिनचा होता, पण एक्स्टेंशन बोर्डाला अर्थिंगची वायरच नव्हती. अडॅप्टरमधून थोडी वीज धातूवर येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर आपल्या अंगातून जाते. चांगल्या अडॅप्टरमध्ये ती फक्त झिणझिण्यांपुरती असते. पण नकली किंवा फुटका चार्जर, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले तर जीव जाऊ शकतो.

एवढे करा

- तिसरी पिन कधीही तोडू नका. वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. जमल्यास ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा.
- अडॅप्टरवर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्या. वायर सोललेली असेल तर चिकटपट्टी लावून चालवू नका.
- ओल्या हाताने चार्जरला हात लावू नका. चार्जिंगवरचा लॅपटॉप मांडीवर किंवा अंथरुणात घेऊ नका.
- दर अर्ध्या तासाने उठा, मान आणि डोळ्यांना विसावा द्या.
- कोणी विजेला चिकटले तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने माणसाला वायरपासून दूर करा. लगेच १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहा.

त्या घरी वायरमन येऊन अर्थिंग करून गेला. लॅपटॉप आता पाटावर असतो आणि मुलगी पुन्हा अभ्यासाला लागली आहे. तुमच्याही घरी पोरीचा लॅपटॉप भीतीपोटी बंद करून ठेवला असेल, तर तो बाहेर काढा. ऐकलेल्या गोष्टीपायी लेकीचे शिक्षण थांबायला नको.