तोबीयाचे सामान
(पाठ : नहेम्या १३:४-१४)

घरातील माळा आवरावयास घेण्यापूर्वी हा पाठ वाचावा. मंदिराच्या ज्या मोठ्या खोलीत धूप, पात्रे आणि लेव्यांसाठी नेमलेला धान्य, द्राक्षारस व तेल यांचा दशांश ठेवीत, ती नहेम्याच्या गैरहजेरीत एल्याशीब याजकाने तोबीयास दिली. (इब्री शब्द ‘लिश्का’. ‘कोठडी’ म्हणताच तुरुंग आठवतो. मला ‘कोठार’ बरे वाटते.) नहेम्याने परतताच ते सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करविल्या, मग पात्रे परत आणविली. पण दहावे वचन सहसा वगळले जाते : लेव्यांना वाटा मिळाला नव्हता, ते आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. तेव्हा आपल्या ट्रंकेतील चादरी, तान्ह्याचे कपडे कोणाच्या वाट्याचे, हे झाकण उघडतानाच ठरवा आणि कसर लागण्यापूर्वी पोहोचते करा.